आश्वासनाची दुसरी ओळ : पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी राज्याचा जमाखर्च वाचण्याची रीत

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने लाडक्या बहिणींना दरमहा १,५०० ऐवजी २,१०० रुपये देऊ असे सांगितले. महाविकास आघाडीने ३,००० सांगितले. दोन्ही आकडे वाडीवस्तीपर्यंत पोहोचले. त्यासाठी वर्षाला किती कोटी लागतील आणि ते कुठून येतील, हे मात्र फार थोड्या घरांत पोहोचले.

प्रत्येक आश्वासनाला दोन ओळी असतात. पहिली देण्याची, दुसरी आणण्याची. सभेत पहिली ओळ ऐकू येते. दुसरी आपली आपल्याला शोधावी लागते आणि ती शोधता येते, एवढेच या लेखात दाखवायचे आहे. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि आजवर घरचे सांगतील तिथे बटण दाबत आलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. गुणाकार, भागाकार आणि एखादी निवांत दुपार पुरते.

माझे मत आधीच स्पष्ट असलेले बरे. गरीब बाईच्या खात्यात सरकारने पैसे भरणे ही उधळपट्टी आहे, असे मला वाटत नाही. स्वतःच्या नावावरचे पंधराशे रुपये काय असतात, हे ज्या बाईला औषधासाठीही हात पसरावा लागतो तिला विचारावे. माझा राग आहे तो हिशेब न सांगता दिलेल्या शब्दावर. असा शब्द मोडतो तेव्हा पहिला फटका त्याच बाईला बसतो.

पहिली पायरी : यादीत नाव

हे आज करा, निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला असेल किंवा तपशील चुकला असेल तर नमुना ८. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असणे बघितले जायचे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो, नाहीतर तुमच्या भागातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्या. अडचण आली तर १९५० हा क्रमांक आहे. हातात ओळखपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यादीत नाव नसेल तर नुसत्या कार्डावर मत देता येत नाही. परदेशात असलेल्या आणि भारतीय पारपत्र टिकवलेल्या मराठी मंडळींसाठी नमुना ६अ आहे, पण मत द्यायला प्रत्यक्ष आपल्या केंद्रावर यावे लागते.

दुसरी पायरी : तुम्ही करदाते आहात हे मनात पक्के करा

‘आम्ही कुठे टॅक्स भरतो,’ असे गावात सर्रास ऐकू येते. प्राप्तिकर भरत नसाल, पण साबण, रिचार्ज, चप्पल यांवर वस्तू व सेवा कर भरता. पेट्रोलवर राज्याचा मूल्यवर्धित कर भरता. घर घेताना मुद्रांक शुल्क, गाडी घेताना वाहन कर. ज्या बाईच्या खात्यात १,५०० रुपये येतात तीसुद्धा दुकानात उभी राहून रोज राज्याच्या तिजोरीत भर घालत असते.

म्हणून योजनेचा हप्ता हे कुणा नेत्याचे देणे नाही आणि तो घेतला म्हणून मत बांधले जात नाही. मतदान गुप्त आहे. ‘आमचे सरकार गेले तर पैसे बंद होतील’ असे कुणी दारात येऊन सांगितले तर घाबरू नका. योजना चालते ती विधिमंडळाने मंजूर केलेल्या पैशावर, आणि तो पैसा तुमचा आहे.

तिसरी पायरी : कागद मिळवा

राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची सगळी पुस्तके फुकट मिळतात, मराठीतून. ढीग बघून दडपून जाऊ नका. सुरुवातीला दोनच उघडा : अर्थमंत्र्यांचे भाषण आणि अर्थसंकल्पाचे संक्षिप्त पुस्तक. भाषणात घोषणा असतात, संक्षिप्त पुस्तकात आकडे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की कोणत्या घोषणेमागे तरतूद आहे आणि कोणती नुसती टाळ्यांसाठी होती, हे दिसू लागते.

आकड्यांच्या तक्त्यात एकाच बाबीसमोर अनेक रकाने असतात. येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि मागच्या एखाद्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. नवखा वाचक पहिला रकाना बघून पुस्तक मिटतो. खरी गोष्ट शेवटच्या रकान्यात असते, कारण तिथे सरकारने काय ठरवले ते नसून काय केले ते असते. शाळा, आरोग्य, पाणीपुरवठा यांपैकी तुम्हाला ज्याची काळजी आहे अशी एक बाब घ्या आणि अंदाज व प्रत्यक्ष यांत किती अंतर पडते ते बघा.

अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत राज्याची आर्थिक पाहणी येते. तिच्यात राज्याचे एकूण उत्पन्न, पीकपाणी, रोजगार, कर्ज यांचे चित्र असते. वेळ असेल तर तीही चाळा.

चौथी पायरी : पाच आकडे वहीत लिहा

उदाहरण म्हणून मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प घेऊ. तुमच्या हातात नवे पुस्तक असेल तर हीच रीत त्याला लावा.

एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी रुपये. महसुली जमा, म्हणजे कर, शुल्क आणि केंद्राकडून येणारा वाटा मिळून ५,६०,९६४ कोटी. महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. वर्षअखेर अपेक्षित कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या आसपास.

यातले महसुली तूट आणि राजकोषीय तूट हे दोन आकडे नवख्या माणसाचा गोंधळ उडवतात. राजकोषीय तूट म्हणजे ढोबळमानाने सरकार त्या वर्षी घेणार असलेले कर्ज. हे कर्ज धरणासाठी, रस्त्यासाठी, रुग्णालयाच्या इमारतीसाठी असेल तर त्यात वावगे काही नाही, पुढच्या पिढ्याही ते वापरणार आहेत. महसुली तूट वेगळी. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा रोजचा खर्चही जमेत भागत नाही, असे ती सांगते. उसने घेऊन महिन्याचा किराणा भरावा तसे ते आहे. म्हणून कुणी फक्त ‘कर्ज किती’ एवढेच ओरडत असेल तर त्याला विचारा, त्यातले किती रोजच्या खर्चासाठी?

आता दुसरी बाजूही बघा. विरोधक कर्जाचा नुसता आकडा सांगतात आणि ऐकणाऱ्याला घाम फुटतो. सत्ताधारी टक्केवारी सांगतात आणि सगळे आलबेल वाटते. राज्याचे वार्षिक सकल उत्पन्न, म्हणजे सरकारची जमा नव्हे तर राज्यातल्या सगळ्या उत्पादनाची आणि सेवांची वर्षाची किंमत, त्या वर्षासाठी सुमारे ४९ लाख ३९ हजार कोटी धरले होते. त्याच्याशी भागाकार केला की राजकोषीय तूट पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येते आणि कर्ज एकोणीस टक्क्यांच्या. तुटीसाठी तीन टक्क्यांची आणि कर्जासाठी पंचवीस टक्क्यांची मर्यादा धरली जाते. म्हणजे ‘महाराष्ट्र दिवाळखोर झाला’ हे खरे नाही. पण पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुली जमेचा निम्म्याहून जास्त भाग जातो, हेही तितकेच खरे. सगळ्या नव्या योजना, शाळा, दवाखाने, पीक नुकसानभरपाई उरलेल्या भागातून करायची असते. निवडणुकीतली खरी भांडणे या उरलेल्या भागावर व्हायला हवीत.

पाचवी पायरी : आश्वासनाचा गुणाकार

मला विचाराल तर सबंध लेखात ही पायरी सगळ्यात मोलाची. दोन मिनिटांचे काम आहे.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात जाहीर झाली, विधानसभा निवडणुकीच्या पाच महिने आधी. महिना १,५०० म्हणजे बाईमागे वर्षाला १८,०००. अडीच कोटी लाभार्थी धरल्या तर ४५,००० कोटी. सरकारने तेव्हा ४६,००० कोटींचा वार्षिक खर्च सांगितला होता, म्हणजे गणित जुळते.

आता २,१०० चे करू. वर्षाला २५,२००, गुणिले अडीच कोटी : ६३,००० कोटी. आणि ३,००० चे? ३६,००० गुणिले अडीच कोटी : ९०,००० कोटी. राज्याच्या सगळ्या महसुली जमेतला जवळपास सहावा हिस्सा, एका योजनेसाठी. दोन्ही आघाड्यांचे आकडे असे कागदावर मांडले की कोणता प्रश्न विचारायचा हे कुणी शिकवावे लागत नाही.

हेच गणित उलटेही चालते. मार्च २०२५ मध्ये या योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद झाली. तिला १८,००० ने भागा. उत्तर दोन कोटी. म्हणजे १,५०० च्या दराने वर्षभर दोन कोटी बायकांना पुरतील एवढेच पैसे ठेवलेले होते. २,१०० त्या वर्षी मिळणार नाहीत आणि यादीतून नावे गळणार, या दोन्ही गोष्टी त्या दिवशीच कागदावर दिसत होत्या. पुढे जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे पैसे थांबवल्याचे जाहीर केले, अपात्र असल्याच्या कारणावरून. काही नावे पुरुषांची होती, काही घरांत ठरल्यापेक्षा जास्त जणी होत्या. अपात्रांना वगळणे योग्यच. पण ही छाननी निवडणुकीआधी का झाली नाही, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या मतदाराने विचारायला हवा.

हा गुणाकार फक्त या योजनेपुरता ठेवू नका. शेतीपंपाची वीज माफ म्हटले की पंप किती आणि पंपामागे बिल किती ते बघा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देताना राज्याने वर्षाला १४,००० कोटींहून जास्त खर्च धरला होता. कर्जमाफी, जुनी निवृत्तिवेतन योजना, मोफत प्रवास, सगळ्यांना हीच चाळणी लावा. तुमच्या आवडत्या पक्षाच्या आश्वासनाला आधी लावा.

सहावी पायरी : मार्चनंतर काय झाले ते बघा

अर्थसंकल्प मांडला की पत्रकार पांगतात, पण पैसा वर्षभर हलत असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ नुसार सरकार जादा खर्चासाठी पुरवणी मागण्या मांडू शकते. पूर, दुष्काळ अशा अचानक आलेल्या गरजांसाठी ही सोय हवीच. पण २०२४ मध्ये अतिरिक्त अर्थसंकल्पाला दोन आठवडे होण्याआधी ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, त्यातले २५,००० कोटी लाडकी बहीण योजनेचे. दहाबारा दिवसांपूर्वी जी गरज ठाऊक होती ती मूळ पुस्तकात का नव्हती? अर्थसंकल्पात तूट कमी दिसते आणि नंतर हळूच वाढते, ती अशी. म्हणून प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवसांत पुरवणी मागण्यांची बातमी शोधा आणि रक्कम वहीत मूळ आकड्याखाली लिहा.

दुसरी हालचाल आणखी जिव्हारी लागणारी. एका खात्याचे पैसे दुसऱ्या योजनेकडे वळवले जातात. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन्ही विभागांचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याचे समोर आले. एकट्या सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून अधिक होते. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच्याच सरकारवर जाहीर नाराजी बोलून दाखवली. सरकारचे म्हणणे होते की हे पैसे अनुसूचित जाती-जमातींतल्या लाभार्थी बहिणींनाच जातात. तो युक्तिवाद तपासून बघा : वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या आईला दीड हजार मिळाले, पण त्या मुलीच्या वसतिगृहाची दुरुस्ती आणि शिष्यवृत्ती ज्या पैशातून व्हायची ते कमी झाले. एका हाताने देऊन दुसऱ्याने घेतले, तर त्या घराची कमाई किती?

खर्च टाळण्याची तिसरी वाट म्हणजे बिले थकवणे. रस्त्याच्या, नळयोजनेच्या कंत्राटदाराचे पैसे अडकले की कागदावर खर्च कमी दिसतो, आणि गावात पाइप उघडे पडून राहतात. तुमच्या गावातले अर्धवट काम दिसले तर सरपंचांना एवढेच विचारा : बिल कधीचे थकले आहे? अर्थसंकल्प समजून घ्यायची ती सगळ्यात जवळची जागा आहे.

आणि काही योजना आवाज न करता आटतात. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत सुरू झालेला ‘आनंदाचा शिधा’ २०२५ च्या गणेशोत्सवात मिळाला नाही. तो बंद करा अशी मागणी कुणी केली नव्हती. नवी योजना आली की जुनी कोणती कमी झाली, हे शोधायची सवय लावा.

सातवी पायरी : आणण्याची ओळ कुणी लिहिली होती, ते आठवा

महाराष्ट्राला प्रामाणिक हिशेब नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे रोजगाराच्या कामांवर होती. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यात त्यांनी तिचा लहान प्रयोग आधीच करून पाहिला होता. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम मिळाले नाही तर भत्ता.

या योजनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिच्या पैशात आहे. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात आजही महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. सिंचित जमिनीवर, वाहनांवरही भार टाकला होता आणि जमा होईल तितकीच भर सरकारने आपल्याकडून घालायची होती. म्हणजे गिरगावातल्या कारकुनाला सरकारने सरळ सांगितले, की तुझ्या पगारातले थोडे पैसे माणदेशातल्या मजुराला जातील. कारकुनाने कुरकुर केली असेल, पण त्याच्यापासून काही लपवले गेले नाही. पुढे २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

आज उलट होते. देण्याची घोषणा निवडणुकीआधी येते, आणण्याची नंतर किंवा गुपचूप. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या कित्येक दस्तांना ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाला. जून २०२५ मध्ये मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले, त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी मिळतील असे सांगितले गेले. हे कर चूक की बरोबर यावर मतभेद होऊ शकतात. मात्र ही चर्चा मत देण्याआधी व्हायला हवी होती. गोव्यातल्या वाचकांनी गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा हिशेब याच पद्धतीने काढून बघावा. तिथे अशा योजना महाराष्ट्राच्या कितीतरी आधीपासून चालू आहेत.

आठवी पायरी : उमेदवाराला विचारा

हा आगाऊपणा नाही, तुम्हाला त्याचा आधार आहे. जुलै २०१३ मध्ये तामिळनाडूतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना तयार करायला सांगितले. त्या आदर्श आचारसंहितेत आल्या. त्यांचा सारांश असा : आश्वासनामागचा विचार जाहीरनाम्यात दिसावा, लागणारा पैसा कसा उभा करणार हे ढोबळमानाने सांगावे, आणि पूर्ण करता येतील अशीच आश्वासने द्यावीत. या सूचना मोडल्या म्हणून पक्षावर खटला चालतो असे नाही. त्या अमलात यायच्या असतील तर विचारणारा मतदार लागतो.

प्रचाराला कुणी दारात आले की नम्रपणे एवढे विचारा : ‘दादा, याला वर्षाला किती लागतील? नवा कर लावणार, कर्ज काढणार, की दुसरे काही कमी करणार?’ तिसरा भाग सोडू नका. ‘भ्रष्टाचार थांबवून पैसे आणू’ हे उत्तर आले तर कोणत्या खात्यात, किती, हे विचारा. माहीत नसेल तर तसे म्हणणारा कार्यकर्ता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर बघता येते. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळे त्यात असते. विद्यमान आमदार असतील तर त्यांनी विधानसभेत काय प्रश्न विचारले ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. स्थानिक विकासासाठी आमदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी असतो. तो कशावर गेला, याची यादी मागा.

नववी पायरी : मोबाइलवर आलेला आकडा

थोडक्यात सांगायचे तर पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी बघा. आकडा लाखाचा की लाख कोटींचा, कोणत्या वर्षाचा, आणि अंदाज की प्रत्यक्ष. ‘योजना सुरू झाली’ असा संदेश असेल तर शासन निर्णय आहे का ते राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शोधा. तो नसेल तर कुणाला कागदपत्रे आणि पैसे देऊ नका.

मतदानानंतर

बोटावरची शाई आठवड्या-दोन आठवड्यांत जाते, वही ठेवून द्या. कॅगचे, म्हणजे महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात, बहुतेकदा अधिवेशन संपता संपता, जेव्हा चर्चेला वेळ उरत नाही. राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल उघडा आणि तुम्ही निवडलेल्या बाबीपुढे मंजूर किती, खर्च किती, परत किती गेले ते लिहून घ्या. तुमच्या तालुक्यातली माहिती त्यात सापडली नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून संबंधित कार्यालयाकडे अर्ज करा. अर्जात एकच योजना, एकच आर्थिक वर्ष आणि तीनच प्रश्न ठेवा : तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, लाभार्थी किती. जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे प्रथम अपील करता येते.